बॉनेटखालचा नारळ

तिला गाडी म्हणायचे ते फक्त आमचे हे. बाकी सगळं भांडुप तिला खटारा म्हणायचं. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, वर ताडपत्री, आणि रंग कधीकाळी निळा असावा. गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हा ह्यांनी आणि ह्यांच्या मोठ्या भावाने मिळून ती जुनी पिकअप घेतली. दोघांचा जन्म कापड विणायच्या साच्यापुढे उभं राहण्यात गेलेला. ह्यांना गाडी चालवता यायची, तरुणपणी गावाला कुणाच्या ट्रकवर होते म्हणून. भावजींना चालवता येत नव्हती. पण गाडीतलं बाकी सगळं त्यांना कळायचं, गाडी दारात आली त्या दिवसापासून.

आमचा गाडीचा धंदा आहे असं दोघे भाऊ सगळ्यांना सांगायचे. तो धंदा असा होता. काळोखात उठून चपात्या मी लाटायच्या, डाळ मी शिजवायची, भाजी मी परतायची, भात मी उपसायचा. मग ती पातेली गाडीने घाटकोपरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोचवायची. म्हणजे माझं काम रोज व्हायचं. गाडीचं काम गाडीच्या मनात आलं तर. पण धंदा गाडीचा.

घरात दुसरी मिळकत नव्हती, ते मी आधीच सांगून ठेवते. ह्या पातेल्यांवर दोन बिऱ्हाडं जगत होती, आमचं आणि शेजारच्या खोलीतलं भावजींचं. जाऊबाई पोरांना घेऊन गावी होत्या, त्यांचंही ह्यातच.

सुरुवातीला गाडी बरी होती. कुरकुरायची, पण चालू व्हायची. बिघडली ती दसऱ्यानंतर. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाय, आणि माझ्या आलं तरी मला विचारणारं कोण होतं.

दसऱ्याला तिची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. भावजींनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठल्याही कामाला गाऱ्हाणं लागतंच, देवाला सगळी हकीगत सांगून हे असं असं कर म्हणायचं. भावजी त्यात पटाईत. गिरणीत युनियनच्या सभेत कधी तोंड उघडलं नसेल, पण देवापुढे उभे राहिले की थांबत नसत. "बा देवा म्हाराजा, ही जी काय गाडी तुझ्या लेकरांनी घेतली हा, तिच्या वाटेत जो कोण आडवो येत असात तेका बाजूक कर म्हाराजा." आम्ही सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. आडवा कोण येणार होता ते माहीत नाय. आमच्या गल्लीत दोन हातगाड्या आणि एक बकरी.

मग राखणीचा नारळ. घराला बांधतो तसा गाडीलाही बांधायचा, लाल फडक्यात. आता घराला दाराची चौकट असते, गाडीला ती कुठे? ह्यांनी सांगितलं, आत आरशाला बांधू. भावजी म्हणाले, चपला घालून बसतात त्या जागी देव नको. बाहेर बांधला तर पोरं पळवतील. शेवटी ठरलं, बॉनेटखाली. इंजिन म्हणजे गाडीचं काळीज, तिथेच राखणदार बसवायचा. आत वाकून जागा शोधली. अंगठ्याएवढी जाड एक काळी वायर होती, एक टोक बॅटरीला, दुसरं टोक इंजिनाच्या अंगावर बोल्टाने आवळलेलं. बोल्टाच्या बाजूलाच, त्या वायरीला नारळ बांधला. चांगला टिपून घेतलेला, भरीव नारळ. मग त्यावर तेल, हळद, कुंकू, आणि फोडलेल्या दुसऱ्या नारळाचं पाणी शिंपडलं. इंजिनाला. मी बाजूला ताट धरून उभी होते.

दिवाळीच्या आत गाडीने पहिल्यांदा मान टाकली. चावी फिरवली की नुसतं टक्. परत फिरवली, टक्. हे खाली उतरले, बॉनेटला नमस्कार केला, परत बसले, टक्. मग गल्लीतल्या माणसांनी ढकलली. आमची गल्ली उतारावर आहे, वरून खाली सोडली की वेग घेते, मग गिअर टाकायचा. एक गचका, आणि धूर सोडत चालू. दुसऱ्या दिवशी चावीला हात लावायचा अवकाश, चालू. तिसऱ्या दिवशी टक्. त्यात काही हिशेबच लागेना. माणसाला वाटतं, आज ही गुणाची झाली, की दुसऱ्या दिवशी ती बसलीच.

धक्का मारणं म्हणजे आमच्या गल्लीचा रोजचा कार्यक्रम झाला. पुरुष माणसं दात घासत यायची. धक्का मारला की चहा द्यावा लागायचा, म्हणजे चुलीवरची पातेली उतरवून मी परत चहा ठेवायचा. ढकलायला माणूस कमी पडला तर मी. हातांना हिंगाचा वास, पदर खोचलेला, मागून ढकलते आहे, आणि भावजी पुढे बाजूला उभे राहून हात हलवतायत, जसं काय जहाजच बंदराला लावतायत.

मग निदान सुरू झालं. भांडुपमध्ये तेव्हा डॉक्टर कमी आणि मेकॅनिक जास्त. कुणी सांगितलं पेट्रोलमध्ये कचरा आहे. कुणी सांगितलं प्लग काळे झालेत. एक जण बोलला, थंडीने होतं, रात्री गोणपाट घाला. थंडी, मुंबईत. घातलं गोणपाट. माझ्याच तांदळाची गोणी उसवून. पुढे बॅटरी गेली असं ठरलं. पण भावजी बोलले, हॉर्न वाजतो ना? दिवा पेटतो ना? मग बॅटरी कशी गेली? हॉर्न खरंच वाजायचा. ती चालू होत नसताना तर जास्तच वाजवायचे, देव जागा व्हावा तसा.

शेवटी वाकोल्याचा एक मिस्त्री मोठा हुशार म्हणून कळलं. त्याच्याकडे नेली. तिथे सपाट जागेत त्याने चावी फिरवली, चालू. दहा वेळा फिरवली, दहाही वेळा चालू. मुलगी बघायला पाव्हणे आले की घरची भांडखोर पोर कशी मान खाली घालून पोहे देते, तशी. हे तोंडावर पडले. मिस्त्री हसला, म्हणाला, "काका, गाडीला काय नाय झालं, तुम्हीच टेन्शन घेता." तरी गिऱ्हाईक रिकामं कशाला पाठवायचं म्हणून त्याने सेल्फ खोलून साफ केला. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. मग बॅटरीकडे हात नेला तर लाल फडकं दिसलं. हात मागे घेतला. "ते तुमच्या देवाचं आहे, मी नाय हात लावणार." आणि भावजींनी मान डोलावली, की मिस्त्री असला तरी संस्कार आहेत. घरी आणली, गल्लीत लावली, सकाळी टक्.

पुढे आणखी दोन मिस्त्री झाले. दोघांनीही लाल फडकं बघून हात आखडला. एकाने तर आत वाकून आधी नमस्कार केला. गाडीतली जी वस्तू म्हणून सुटी होते ती ती त्यांनी काढली, पुसली, बसवली. ती एकच जागा सोडून.

मग भावजींनी स्वतःच शोध लावला. त्यांनी बघून ठेवलं होतं की गाडीचं तोंड चढाकडे असलं की बहुतेक वेळा ती चालू होते, आणि उताराकडे असलं की अडते. शोध खरा होता, मी पण तेच बघत होते. पण आमच्या गल्लीचा उतार पडतो दक्षिणेला. झालं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिकडे तोंड करून गाडी उभी केली तर ती मेल्यासारखी पडणारच. त्या दिवसापासून गाडी उत्तरेकडे तोंड करून लावायची. हे रोज संध्याकाळी अरुंद गल्लीत पुढे-मागे करत ती वळवायचे, शेजारणीच्या मोरीचा कठडा दोनदा पाडला. आता ह्यात गोम अशी, की उत्तरेकडे चढ. तोंड तिकडे असून गाडी अडली तर ढकलायची कुठे? चढावर. ती पण अडायची मधूनमधून. माणसं चार पावलं ढकलायची आणि ती पाच पावलं मागे यायची. दात घासत येणारे हळूहळू घरातच दात घासायला लागले.

मी शिकलेली चौथी. गाडीतलं मला काय कळायचं नाय. पण नाक आहे. गाडी अडली की हे चावी फिरवत राहायचे, टक् टक् टक्, आणि मी पातेली धरून पुढे उभी असायचे. तेव्हा मला वास यायचा. पेट्रोलचा नाय, खोबऱ्याचा. तव्यावर सुकं खोबरं भाजायला टाकलं की पहिला तेलकट वास सुटतो ना, तो. चालू झाली त्या दिवशी वास नाय. अडली त्या दिवशी वास. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, भूक लागली असेल तुला. भावजींना वास आला का विचारलं, तर ते म्हणाले राखणदार जागा आहे त्याची ती खूण.

एवढं सगळं करून गाडी ऐकेना, तेव्हा दोष माझ्यावर आला. येणारच होता, उशीर झाला एवढंच. बाईच्या महिन्याच्या त्या दिवसांत आमच्याकडे देवाच्या वस्तूला शिवायचं नाय. भावजींनी विचार करून सांगितलं की गाडीत राखणदार बसवलेला, म्हणजे गाडी देवाची, आणि मी त्या दिवसांतसुद्धा हौद्यात पातेली धरून बसते. म्हणून कोप. मग माझ्यासाठी नियम झाला. त्या दिवसांत गाडीत बसायचं नाय, बॉनेटजवळ उभं राहायचं नाय. मी विचारलं, मग घाटकोपरचा स्वयंपाक कोण करणार? त्यांनी डोकं खाजवलं. घरचं जेवण त्या दिवसांत भावजी स्वतः करायचे, कच्चा भात आणि पापड. पण कँटीनची डाळ मी केलेली चालेल, असं ठरलं, कारण ती खाणारे परके. आणि गाडी अडली तर ढकलायला मी चालेन, कारण मागून ढकलायचं, राखणदार पुढे. असा तो विटाळ होता. मला सगळीकडून शिवायचा, फक्त कामाला शिवायचा नाय.

तेव्हा बोलायची सवय नव्हती, आणि पीठ मळायचं असायचं.

कँटीनचा मुकादम माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा हसला. दुसऱ्यांदा त्याने कामगारांना बाहेरचे पाव आणून दिले. मग तो रागवायला लागला. एक दिवस दुपारची सुट्टी संपता संपता आम्ही पोचलो, तर कामगार रिकामी ताटं वाजवत बसलेले. ह्यांनी त्याला दक्षिणेची, गाऱ्हाण्याची, सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन माझ्याकडे वळला.

"बाई, माझी माणसं पूजा खात नाहीत. उद्या भोंग्याच्या आधी जेवण आलं नाय, तर परवा आणू नका."

परत येताना हे केबिनमध्ये, मी मागे रिकाम्या पातेल्यांत. वाटेत मी हिशेब केला की कँटीन सुटली तर काय. गावी जाऊन जाऊबाईंच्या चुलीपुढे बसायचं. नाहीतर कुणाच्या घरी भांडी. दोन्ही करून झालेलं होतं माझं. परत करायची तयारी होती, पण एका खटाऱ्यापायी करायची नव्हती.

त्या संध्याकाळी ह्यांनी घाईत गाडी तशीच लावली, तोंड उताराला. भावजींनी ओरडून सांगितलं, पण वळवता वळवता परत मोरीचा कठडा पडला असता आणि शेजारीण दारात लाटणं घेऊन उभी होती.

सकाळी पातेली चढवली, झाकणं दोरीने बांधली. चावी, टक्. परत, टक्. ढकलायला हाक मारली तर गल्लीत एक दार उघडेना. आता उतारावर गाडी सोडायची म्हटली तरी भरलेली गाडी जागची हलवायला माणसं लागतात, आणि वर माझ्या डाळीचं वजन. मी एकटी आणि भावजी, ज्यांचा हात फक्त हवेत चालतो. हे मेन रोडवर हमाल बघायला धावले. चावी गाडीलाच.

वास येत होता. खोबरं भाजल्याचा.

ते माझे बाजूला बसायचे दिवस होते. मी बॉनेट उघडलं. महिनोन् महिने मिस्त्रींना पाने हातात देऊन देऊन कुठला पाना कशाला लागतो ते मला पाठ झालेलं. आत बघितलं तर नारळ पुढे लोंबत होता, उतारामुळे, आणि वायरीला खाली ओढत होता. बोल्टाजवळ हात नेला तर चटका बसला. फडकं तिथे तपकिरी पडलेलं, वास तिथूनच. मला सेल्फ, करंट काय कळत नव्हतं. पण दोरीला वजन लटकलं की गाठ सैल होते, एवढं पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. चढावर तोंड असलं की हाच नारळ मागे इंजिनाला टेकत असणार, वायर दाबून धरत असणार. म्हणून ती उत्तरेकडे चालायची. यमाचा काय संबंध नव्हता, बिचाऱ्याचा.

भावजी पायरीवरून उठले.

"गो, हात लावू नको. तू भायर बसलेली."

"मग तुम्ही सोडा."

ते जवळ आले, नारळाकडे बघितलं, हात पुढे केला आणि परत घेतला. स्वतःच्या तोंडाने घातलेलं गाऱ्हाणं स्वतःच्या हाताने सोडायला छाती लागते. मी थांबले थोडी. खरंच थांबले.

"भावजी, डाळ निवते आहे."

त्यांनी एकदा गल्लीत वर-खाली बघितलं, आणि घराकडे वळले. "माका काय दिसूक नाय," म्हणाले, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी गाठ सोडली. नारळ परातीत ठेवला. पान्याने बोल्ट ढिला केला आणि वायरीचं टोक बाहेर काढलं, तर तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तसा हिरवा थर. तेल, हळद, नारळाचं पाणी, सगळं प्रसादासारखं त्यावर बसलेलं. घरातून चिंच आणली. तांब्याची घागर घासते तसं ते टोक घासलं, बोल्टाखालची जागा घासली, पदराने कोरडं केलं, परत बसवून आवळलं, अंगातला जोर लावून. हे सगळं होईपर्यंत एक भाजी चिरून झाली असती, इतकाच वेळ. मग केबिनमध्ये चढले. मी पुढच्या सीटवर कधी बसलेच नव्हते. गिअर मोकळा आहे ना ते हलवून बघितलं, आणि चावी फिरवली.

चालू झाली. अशी की मीच दचकले.

आवाज ऐकून हे गल्लीच्या टोकाकडून धावत आले, मागे दोन हमाल. उघडं बॉनेट बघितलं, परातीतला नारळ बघितला, माझे हिरवे-काळे हात बघितले. मी सरकून बाजूच्या सीटवर बसले. मागे गेले नाय. हे पण बोलले नाय, मागे जा म्हणून. बॉनेट लावलं, चढले, आणि आम्ही निघालो. हमाल चहा मागत होते ते भावजींच्या वाट्याला आले.

घाटकोपरला पोचलो तेव्हा भोंगा व्हायचा होता. मुकादमाने पातेल्यात डाव घालून बघितला, वाफ आली. म्हणाला, "आज काय, देवाला सुट्टी?" ह्यांनी खाली बघितलं. मी बोलले, "हो." पुढे कँटीन आमच्याकडेच राहिली, तो कारखाना होता तोपर्यंत.

आता नारळ. महिनोन् महिने इंजिनाच्या उबेला राहून तो आतून सुटलेला, खडखडत होता. फोडला तर आत सुंदर कोरडं खोबरं, वाटी अख्खी निघाली. फेकून देणं माझ्याच्याने होत नाय, कधीच झालं नाय. दिवस सरले, डोक्यावरून पाणी घेतलं, मग ते खोबरं कांद्याबरोबर भाजलं, वाटलं, आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली. भाजताना तोच वास घरभर.

भावजी पाटावर बसले. पहिला भुरका घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. लाल फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं, ते त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं.

"आमटी बरी झाली गो," म्हणाले. आणि भात परत घेतला.

त्यानंतर विटाळाचं ते बोलले नाय. गाऱ्हाणं घालायचे, पण आता गाडीच्या बाहेरून, लांबून, हात जोडून. देवालाही तेवढं अंतर बरं पडलं असावं. गल्लीत त्यांनी सांगितलं की वाकोल्याच्या मिस्त्रीने केलेलं काम उशिरा लागू पडलं. सांगू दे.

आता हे. गाडी चालू झाली त्याच संध्याकाळी घरी आलो तेव्हा मी पुढच्या सीटवरून बघत होते. गल्लीत शिरल्यावर त्यांनी गाडी वळवलीच नाय. पुढे-मागे केलं नाय, शेजारणीच्या मोरीकडे बघितलंही नाय. तोंड उताराला, दक्षिणेला, सरळ उभी केली, चावी काढली आणि ती माझ्या हातात दिली.